उपासनेचा पोशाख

प्रभुवारीं स्वच्छ वस्त्रें घालून उपासनेस यावें, हें योग्यच. परंतु तीं देवाच्या आदरार्थ कीं आपल्या मोठेपणासाठीं? सोन्याची अंगठी ल्यालेल्या श्रीमंतास उत्तम जागा व मळक्या वस्त्रांतील दरिद्र्यास पायांशीं जागा देणाऱ्यांस याकोबानें आपल्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायांत दोष दिला आहे. आपणही कोटवाल्यास पुढें बोलावितों, विटक्या सदऱ्यांतील मजूर दाराशींच बसतो. आणि त्याच लाजेपोटीं तो नाताळास कर्ज काढून कापड घेतो. १९२१ सालीं मदुरा येथें गांधीजींनीं गरिबांशीं एकरूप होण्यासाठीं पंचा पत्करिला. सर्वांनीं तसें करावें असें नाहीं. पण बंधूंनो, आपलें वस्त्र पाहून एखादा भाऊ लाजेनें घरींच राहिला, तर तें कितीही शुभ्र असलें तरी डागाळलेंच म्हणावें.