भिंतीवरचे नाव

बारावीचे निकाल लागले की आमच्या उर्दू शाळेच्या व्हरांड्यात जुने विद्यार्थी येऊ लागतात. 'सर, फार्मसीला जाऊ का?' असे विचारणारे त्यांत पुष्कळ असतात. का जायचे, असे आम्ही विचारले की 'खिदमत करायची आहे' हे ठरावीक उत्तर मिळते. चहा पाजून थोडे बसवले म्हणजे खरी कारणे बाहेर पडतात. डॉक्टरकीला गुण कमी पडले. डिप्लोमा दोनच वर्षांचा आहे. मुलीला गावातच काम मिळेल. आणि काहीच नाही जमले तर सर्टिफिकेट भाड्याने देता येईल.

पहिल्या तीन कारणांना आम्ही नावे ठेवणार नाही. आम्ही बी.एड. केले तेही काही इल्मचा दिवा घरोघर न्यायला नव्हे. नोकरी लवकर लागेल असे अब्बांना वाटले, एवढेच. शिकवण्याची गोडी मागाहून, वर्गात उभे राहून लागली. नियत अशी उशिरानेही येते.

चौथे कारण मात्र आमच्या गळी उतरत नाही. नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देऊ नये, असे १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम सांगते. पण भाड्याच्या व्यवहारात भिंतीवर नाव एकाचे आणि गल्ल्यापुढे उभा दुसराच. आमच्या खालांना मधुमेह आहे. एका डॉक्टरने ग्लिमेपिराइड एका कंपनीच्या नावाने दिले होते. पुढे दुसऱ्या डॉक्टरने तेच औषध दुसऱ्या नावाने लिहिले. दोन्ही चिठ्ठ्या एकाच दुकानात गेल्या. दुकानातल्या पोराने दोन्ही गोळ्या दिल्या, सुटे पैसेही बरोबर परत केले. खालांना इंग्रजी वाचता येत नाही. दोन्ही गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी फजरच्या वेळी साखर उतरून त्या घामाने भिजलेल्या, बेशुद्ध सापडल्या. अल्लाहच्या मेहेरबानीने वाचल्या. भिंतीवर ज्याचे नाव होते तो गृहस्थ परगावी नोकरीला होता. त्याच्या हातून काहीच घडले नव्हते. तो तिथे नव्हता, एवढेच.

पूर्वी हकीमसाहेबांचा नुस्खा घेऊन लोक अत्ताराकडे जात. अत्तार जडीबुटी निवडून, तोलून पुडी बांधी. आपल्यात कित्येक घरांचे ते आडनावच आहे. आता गोळी कारखान्यातून तयार येते, तोलायचे काही उरले नाही. उरले आहे ते बघणे. दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघणे.

मुले ख्वाजा अब्दुल हमीद यांचे नाव घेतात. त्यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला काढली. २००१ मध्ये त्यांचे पुत्र युसूफ हमीद यांनी एड्सची औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा पश्चिमेत त्याच उपचाराला दहा हजारांहून अधिक पडत. अभिमान वाटावा असेच हे काम. पण आमच्या मोहल्ल्यातल्या मुलापुढे एवढे मोठे काम बहुधा येणार नाही. खालांच्या चिठ्ठ्या नक्की येतील.

गेल्या उन्हाळ्यात डिप्लोमा झालेली एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली. वडील रिक्षा चालवतात, पाठीमागे दोन भावांची फी आहे. एक दुकानदार तिच्या सर्टिफिकेटचे दरमहा पैसे द्यायला तयार होता. 'सर, घरबसल्या येतात, काय वाईट?' ते म्हणाले. एक तारखेला पगार घेणाऱ्या माणसाने त्यांना काय उपदेश करावा? आम्ही खालांची हकिगत सांगू लागलो. दोन गोळ्यांची नावे ऐकताच मुलगी मध्येच म्हणाली, 'सर, दोन्हींत औषध एकच आहे.' वडील तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'पण सर, त्याला माणूस नकोय, कागद हवाय.'

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दुकानदाराकडे गेलो आणि तिला पगारावर उभी करा म्हणून गळ घातली. ईदनंतर बघू, म्हणाला.