हिरवळीचं खातं

लातूरच्या मोंढ्यात अप्पांची आडत होती. तूर, हरभरा, सोयाबीन. दाणा दाताखाली धरून त्यात ओल किती हे ते सांगायचे, आणि काटा लावल्यावर क्वचितच चुकायचे. गाडीतून उतरलेल्या मालापासून हमालाच्या चहापर्यंत प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या खात्यावर लिहिली गेली पाहिजे, हा त्यांचा नेम. दानधर्मही ते भरपूर करायचे, पण त्यालाही खातं होतं.

२००९ साली ते आणि माई मुलाकडे अमेरिकेत गेले. मुलगा लास व्हेगासला, एका जुन्या वस्तीत भाड्याच्या घरात राहायचा. भोवती वाळवंट, लांबवर उघडेबोडके तपकिरी डोंगर, आणि घरापुढे मात्र गालिचा अंथरावा तशी हिरवळ. सकाळी जमिनीतून आपोआप फवारे वर यायचे. अप्पा बाहेर खुर्ची टाकून ते बघत बसायचे. इथे वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस पडतो, हे मुलाने सांगितलं तेव्हा त्यांच्या मनाने एकदम हिशेब केला. आपल्या लातुरात त्याच्या सहा-सात पट पडतो. मग आपल्याकडे का नाही?

परत आल्यावर त्यांनी बंगल्यापुढचं अंगण उकरायला लावलं. काळी माती चिरते म्हणून ती काढून तांबडी आणली, तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळलं. पुण्याच्या नर्सरीतून कोरियन कार्पेट गवताच्या लाद्या ट्रकने आल्या. दोन हजार चौरस फूट. वस्तीत असं अंगण दुसरं नव्हतं. नातवंडांचे वाढदिवस, भाचीचा साखरपुडा, सगळं तिथेच झालं. सोयरे चपला काढून चालायचे.

देखभालीला हणमंता होता, रेणापूरकडचा. वडील मेंढरं राखायचे, हा शहरात माळीकाम करायचा. त्याचा अर्धा दिवस फवारा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवण्यात जायचा आणि उरलेला खुरपं घेऊन हरळी काढण्यात. हरळी म्हणजे आपण गणपतीला दूर्वा वाहतो तेच गवत. पेरापेराला मूळ धरतं. वरून उपटलं तर खालून येतं, खालून खणलं तर बाजूने येतं. काळ्या रानातला शेतकरी तिच्या नावाने बोटं मोडतो. कोरियन गवताच्या मऊ गादीतून तिची राठ पाती डोकं वर काढायची आणि अप्पा काठीने दाखवायचे, "हणमंता, हे बघ, इथं पुन्हा आलं."

लॉन ही मुळात इंग्लंडची चीज. तिथे बारा महिने पाऊस थोडाथोडा येत राहतो, ऊन सौम्य, जमीन कायम ओलसर. गवत तिथे आपल्या आपण हिरवं राहतं, मेंढरांनी कुरतडलं की आखूडही राहतं. साहेब इथे आला तेव्हा छावणीत, कलेक्टरच्या बंगल्यापुढे त्याने ते आपल्या गावच्या आठवणीसाठी लावलं आणि पखालीने पाणी घालून जगवलं. साहेब गेला, पण मोठेपणाची ती खूण राहिली. हिरवं अंगण म्हणजे सुस्थिती आणि पिवळं अंगण म्हणजे दुर्लक्ष, हे आपण इतकं मनावर घेतलं की चैत्रात मराठवाड्याची जमीन पिवळीच असते, तशीच असायला हवी, हे डोळ्यांना दिसेनासं झालं. मला या कथेत अप्पांच्या हौसेपेक्षा ही नजर जास्त छळते.

२०१५चा पावसाळा कोरडा गेला. मांजरा धरण आटलं. नळ आधी आठवड्याने आला, मग त्याहून उशिरा, मग येईनासा झाला. २०१६च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली. अप्पांच्या मागच्या भिंतीपलीकडे मजुरांची छपरं होती, त्यांचा हापसा संक्रांतीच्या सुमारास कोरडा पडला होता. अप्पांचा बोअर सहाशे फुटांचा. खडकातल्या भेगांना कंपाउंडची भिंत कळत नाही. कुणाच्या नळीने कुणाचं पाणी ओढलं हे वरून दिसत नाही, आणि म्हणूनच ते कुणाला विचारावंसं वाटत नाही. छपरातल्या बायका घागरी घेऊन फाटकाशी आल्या तेव्हा अप्पांनी कुणालाही परत पाठवलं नाही. "रोज सकाळी दोन-दोन घागरी घेऊन जा," असं सांगितलं. त्या दुवा देत गेल्या.

फेब्रुवारीअखेर बोअरही गुळण्या टाकू लागला. प्यायला, घागरींना पुरेल इतकं येई, फवाऱ्याला पुरेना. अप्पांनी गवतासाठी टँकर सुरू केला. पाच हजार लिटरचा एक टँकर पाच दिवस जाई.

मार्चअखेरचे हिशेब चालले होते. मुनीम गेली वीसेक वर्षं त्यांच्याकडे होते. जुन्या गावात दोन खोल्यांत राहायचे, रात्री दोनला उठून टाकीवर नंबर लावायचे, तिथून तसेच आडतीवर यायचे. टँकरच्या पावत्या हातात घेऊन त्यांनी विचारलं,

"मालक, या सहा पावत्या कोणत्या खात्यावर टाकू?"

"घरखर्चात टाका."

मुनिमांनी लेखणी टेकवली नाही. "घरात तुम्ही दोघंच. पिण्या-सांडण्याचं बोअरवर भागतं. तीस हजार लिटर महिन्याचं घरखर्चात कसं दाखवू?"

"मग दुरुस्ती-देखभालीत."

"देखभालीत टाकलं तर वस्तू शिल्लक दिसायला हवी. ही तर रोज जिरते."

"धर्मादाय," असं म्हणायला अप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. धर्मादायात घागरी होत्या. पंधरा लिटरची घागर, दहा घरं, घराला दोन. रोजचे तीनशे लिटर. आणि गवताचे हजार. मुनिमांना काही सुचवायचं होतं असं मला वाटत नाही. त्यांना खरंच रकाना सापडत नव्हता. तरी त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे अप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. पावत्या तशाच टाचणीला लावून ठेवल्या गेल्या.

रात्री त्यांनी मुलाला फोन लावला. त्याने नुकतंच तिथे स्वतःचं घर घेतलं होतं. "तुझ्या गवताला पाणी किती लागतं रे?"

"गवत आता कुठंय अप्पा? काढलं. इथलं पाणीखातं गवत काढायला पैसे देतं, चौरस फुटावर मोजून. नव्या घरांपुढे तर लॉन लावायचीच बंदी आहे, २००३ पासून. जवळजवळ सगळं शहर एका लेक मीडवर जगतं आणि तो तलाव वर्षानुवर्षं उतरतोय. एक चौरस फूट गवत काढलं की वर्षाला पंचावन्न गॅलन वाचतात, म्हणजे दोनशे लिटरच्या वर. आता दगड, खडी आणि वाळवंटातलीच झुडपं लावलीत."

"मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही फोनवर लॉनचं कौतुक सांगायचा. मी कसं बोलणार?"

१२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून पिण्याचं पाणी शहराला रुळांवरून आलं. अप्पा बघायला गेले. माणसं डब्यांना हात लावून बघत होती, कुणी हळदकुंकू आणलं होतं. दहा टाकीडबे, डब्यात सुमारे पन्नास हजार लिटर. एकूण पाच लाख. अप्पांच्या डोक्यात आकडे आपले आपण मांडले जाऊ लागले. रोज हजार लिटर, पावसाळा सोडून वर्षाचे आठ महिने. दोन लाख चाळीस हजार. उभ्या गाडीतले जवळजवळ पाच डबे दर वर्षी एकट्या आपल्या अंगणात रिते होत होते. बोअरचं पाणी मापात कधी आलंच नव्हतं, म्हणून ते त्यांना कधी दिसलं नव्हतं.

त्या दिवसापासून फवारा बंद झाला. आलेला टँकर भिंतीपलीकडे छपरांपुढे रिकामा केला गेला. मुनिमांनी तो कोणत्या खात्यावर टाकायचा हे विचारलं नाही.

कोरियन गवत आठवड्यात करपलं. रोजच्या पाण्याला सोकावलेली मुळं बोटभर खाली सुद्धा गेली नव्हती. माईंना ते बघवेना. समोरच्या डॉक्टरांनी विचारलं, "अप्पा, तब्येत बरी आहे ना?" मे महिन्यात अप्पांनी हणमंताला सांगितलं, "हे मढं उचल आता."

हणमंताने लाद्या सोलायला सुरुवात केली आणि एका जागी थांबला. वाळलेल्या गादीखाली सुतळीसारखी एक पांढरी मुळी होती. त्याने ती नखाने तासली. आत ओल होती.

"हरळी हाय अप्पा. मेली न्हाई, निजलीया. पाणी पडलं की उठंल."

"तू ही इतकी वर्षं उपटत होतास ना?"

"तुमी सांगत होता म्हून."

जरा वेळाने तो म्हणाला, "आमच्या माळावर अशी लई गवतं हायत. उन्हाळाभर पिवळी पडून ऱ्हातात. बा म्हणायचा, निजलेल्याला उठवायचं न्हाई."

अप्पांनी त्याला गाडीत घातलं आणि माळावर गेले. उन्हात सगळं रान वाळलेलं. हणमंताने एक ठोंब पहारीने उकरला. मुळं हातभर खाली जाऊनही संपत नव्हती. हे मारवेल, त्याच्या पेराला पांढऱ्या लवेचं कडं असतं. हा पवन्या, जनावर आधी यालाच तोंड घालतं. ही कुसळी, फुलोऱ्यानंतर कपड्यांना चिकटते, ती अंगणात नको. आणि या सगळ्यात भर उन्हात हिरवा उभा असलेला तरवड. महसुलाच्या कागदावर अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात. मेंढपाळांची चराई तिच्यावर, सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक तिच्यावर, लांडगा, खोकड, चंडोल तिच्यावर. आणि ती हिरवी नाही, एवढ्यासाठी पडीक. तिथे कारखाना आला किंवा खड्डे खणून झाडं लावली तर आपण विकास झाला म्हणून टाळ्या वाजवतो. हे मी चिडून लिहितो आहे, आणि चिडण्यासारखंच ते आहे.

मृग बरसल्यावर हणमंताने मारवेल-पवन्याचे ठोंब आणून हातहात अंतरावर लावले. मधल्या जागेत हरळी आपली आपण पसरली. कुंपणाने तरवड. पहिला पावसाळाभर तण काढावं लागलं, मूळ धरेपर्यंत उघडिपीत दोन-चार वेळा पाणीही द्यावं लागलं. फुकट काहीच झालं नाही. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, सप्टेंबरअखेर मांजरा भरलं. दिवाळीपर्यंत गवत मांडीइतकं वाढलं, पिवळ्या-जांभळ्या तुऱ्यांवर मुनियांचे थवे उतरू लागले. मग ते कापलं, पेंढ्या हणमंताच्या शेळ्यांना गेल्या. पुढच्या एप्रिलला अंगण पुन्हा पिवळं पडलं आणि माईंना पुन्हा वाईट वाटलं. अप्पांनी त्यांना चार वेळा समजावलं, पाचव्यांदा समजावलं नाही. मोंढ्यात लोक म्हणत, म्हाताऱ्याने पाण्याचे पैसे वाचवायला अंगणाचं रान केलं.

२०२२च्या मे महिन्यात वसाहतीची बैठक भरली. मोकळ्या जागेत बाग करायची, वर्गणी जमली होती, लॉनचं कोटेशन आलं होतं. अप्पांनी आपली जुनी वही नेली होती, टाचणी लावलेल्या सहा पावत्यांसकट. त्यांनी आकडे वाचले. मग मुलाकडून कळलेलं सांगितलं, की आदल्या वर्षी त्याच्या नेवाडा राज्याने कायदाच केला. दुभाजकांवरच्या, कचेऱ्यांपुढच्या नुसत्या शोभेच्या गवताला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी मिळणार नाही.

एक तरुण आई म्हणाली, "पण काका, पोरांनी खेळायचं कुठं? खडीवर?"

"बरोबर आहे तुझं," अप्पा म्हणाले. "ज्यावर पोरं पडतील, लोळतील तेवढ्याला गवत हवंच. एका कोपऱ्यात हरळी करू. तुडवली तरी मरत नाही. पाणी पोरांसाठी घालू, बघण्यासाठी नको."

"आणि बाकीचं उन्हाळ्यात पिवळं दिसेल त्याचं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिसू द्या."

बरीच वादावादी झाली. तीन जणांनी वर्गणी परत मागितली. शेवटी खेळायला हरळीचा तुकडा, बाकी मारवेल आणि तरवड, ठोंब अप्पांच्या अंगणातून, असं ठरलं. लगेच सोमवारी काम सुरू करायचं अध्यक्षांच्या मनात होतं. मागे उभ्या असलेल्या हणमंताने मान हलवली. मृगाचा पाऊस पडल्याबिगर ठोंब हलवायचा न्हाई. अध्यक्षांनी तारीख खोडली. मजुरी किती, असं विचारल्यावर हणमंताने माळ्याची रोजंदारी सांगितली. जन्मभर भाव पाडून घेणाऱ्या अप्पांनी इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या हातातली वही ओढली, तो आकडा खोडला, त्याच्या दुप्पट लिहिला आणि पुढे रकान्यात खातं घातलं : जाणकाराचा मोबदला.