वसुलीला आलेला ड्रॅक्युला

रक्तपिपासू भुताच्या चित्रपटाला लागणारे सगळे नेपथ्य म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात आयते उभे आहे. तिथल्या सेंट फिलोमिना कॅथीड्रलची पायाभरणी १९३३ साली नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या हस्ते झाली. कोलोनच्या कॅथीड्रलची आठवण करून देणारी निओ-गॉथिक शैली, १७५ फूट उंचीचे जोडमनोरे, रंगीत काचांच्या खिडक्या आणि खाली तळघरात पहुडलेली संत फिलोमिनाची मूर्ती. १८०२ मध्ये रोमच्या प्रिसिला भुयारात जी कबर तिची म्हणून ओळखली गेली, तिच्यात अस्थींजवळ एक काचेची कुपी सापडली होती, आणि कुपीत हुतात्म्याचे रक्त आहे अशी श्रद्धा रूढ झाली. भुयार, कुपी, रक्त, निद्रिस्त देह. युरोपातल्या एखाद्या पटकथाकाराच्या हाती एवढा ऐवज लागता तर त्याने दुसरे काही मागितले नसते. लष्कर मोहल्ल्यात मात्र त्या तळघराचे कोणाला भय वाटत नाही. कुठल्याही धर्माचा माणूस येतो, मेणबत्ती लावतो, मागणे मागतो. गॉथिक इमारत सातासमुद्रापलीकडून आली, पण तिच्यात मुक्कामाला असणारे सरंजामी पिशाच्च काही बरोबर आले नाही. असे का व्हावे?

यावर ठरलेले उत्तर असे, की आपण प्रेत जाळतो. देहच उरला नाही तर शवपेटीतून उठणार कोण? हे उत्तर ऐकायला सोपे आहे, पण टिकत नाही. याच कर्नाटकात लिंगायत समाज मृतांना पुरतो. मुसलमान आणि ख्रिस्ती तर पुरतातच. तरीही कबरीतून उठून शेजाऱ्याचे रक्त पिणारा मृतदेह इथल्या लोकविश्वासात ठळकपणे दिसत नाही. त्याहून बोलका पुरावा लाहोरचा आहे. १९६७ साली ख्वाजा सरफराज यांनी ‘जिंदा लाश’ काढला. दफनाची परंपरा घरचीच होती, पण त्यांच्या प्रोफेसर तबानीला पिशाच्च व्हायला प्रयोगशाळा लागली. अमृताच्या शोधात स्वतःच तयार केलेले रसायन तो पितो आणि मरून उठतो. क्रूस नाही, पवित्र पाणी नाही. पुरण्या-जाळण्याने प्रश्न सुटत असता तर हा वळसा घ्यावाच लागला नसता.

मला वाटते, फरक देहात नाही, व्यवहारात आहे. युरोपीय व्हँपायर हा साथीचा रोग आहे. मुर्नाऊच्या ‘नोसफेराटू’त (१९२२) काउंट ऑरलॉक जहाजातून उतरतो तो उंदीर आणि प्लेग घेऊनच. तो कोणाचे काही देणे लागत नाही, कोणी त्याचे लागत नाही. ज्याला चावेल तो गेला. निरपराध माणसाला विनाकारण गाठणारी ही भीती आपल्या भूतकथांत क्वचित सापडते. आपले भूत हिशेबाने येते. कोणाची उत्तरक्रिया राहिलेली, कोणाची सोडमुंज होण्याआधीच आयुष्य संपलेले, कोणाचा जीव पुरलेल्या धनात गुंतलेला. मांत्रिक त्याला पहिला प्रश्न विचारतो तोच मुळी ‘तुला काय हवे?’ असा. ऑरलॉकला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, त्याचे उत्तर पहिल्याच रिळात कळलेले असते.

म्हणून माझ्या आवडत्या व्हँपायरपटांत मुर्नाऊच्या शेजारी तुलसी आणि श्याम रामसे यांचा ‘बंद दरवाजा’ (१९९०) बसतो, रसिकांनी कितीही नाके मुरडली तरी. त्यातला व्हँपायर नेवला म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल; दिसायला थेट हॅमर कंपनीच्या ख्रिस्तोफर लीचा दूरचा भाऊ. काळा झगा, शवपेटी, वटवाघूळ सगळे जागच्या जागी. पण तो हवेलीत शिरतो कसा, ते पाहा. ठाकूर प्रतापसिंहाच्या (विजयेंद्र घाटगे) घरी मूल नाही. दासी महुआ ठकुराइनला काळ्या पहाडावर नेते, आणि तिथे करार ठरतो: मूल होईल; मुलगा झाला तर तुमचा, मुलगी झाली तर नेवल्याची. मुलगी होते. आईबाप शब्द फिरवतात आणि तिथून पुढचा सगळा रक्तपात सुरू होतो. तीच मुलगी, काम्या, मोठी होते आणि हवा तो पुरुष मिळवण्यासाठी आपण होऊन काळ्या पहाडाची वाट धरते. दात लांब असले तरी नेवला मुळात सावकार आहे. याच बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) सामरी या सैतानाचा शापही तसाच पिढ्यान्‌पिढ्या वसूल होत राहतो: राजघराण्यातली स्त्री बाळंतपणातच मरेल.

हे सूत्र रामसे बंधूंनी आकाशातून आणले नाही. भुतांचा राजा वेताळ कोकणात काय करतो? वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला केळीचे घड आणि अवाढव्य चामडी चपला वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरताना त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. म्हणजे सगळ्या पिशाच्चांचा धनी, तोही रात्रीच हिंडणारा, पण त्याच्याशी गावाचा व्यवहार चोख: तू राख, आम्ही नवस फेडू. भीती वेताळाची नाही, नवस फेडायचा राहून जाईल याची आहे. आदित्य सरपोतदारांच्या ‘थामा’ने (२०२५) या बेताळाला हिंदी पडद्यावर रक्त पिणारा प्रेमिक केले. कल्पना तल्लख आहे, यात वाद नाही. पण प्रेमकथेच्या नादात देण्याघेण्याची धार बोथट झाली, आणि माझ्या मते भयही तिथेच पातळ झाले.

आक्षेप दोन-तीन येतील. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली, तेव्हा साथीचा व्हँपायर मराठीत उतरलाच की! उतरला, आणि धारपांच्या हातोटीमुळे चांगला वावरला; पण पाहुणा म्हणून. ‘बंद दरवाजा’ ही नक्कल आहे, हा दुसरा आक्षेप खरा आहे. मात्र ती वेशभूषेची नक्कल आहे आणि कथेचा कणा इथला आहे, एवढे पाहिल्यावर त्यातला जोर ओसरतो. तिसरा आक्षेप वजनदार आहे: स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ची (१८९७) सुरुवातही कागदपत्रांनीच होते, जोनाथन हार्कर घराच्या खरेदीचे काम घेऊनच ट्रान्सिल्व्हेनियाला जातो. पण ते घर काउंट रीतसर विकत घेतो. त्या व्यवहारात मान ही किंमत नाही. रॉबर्ट एगर्सच्या ‘नोसफेराटू’त (२०२४) ऑरलॉक नवऱ्याकडून करारावर सही घेतो आणि बायकोवर हक्क सांगतो, तेव्हा युरोपीय कथा काळ्या पहाडाच्या बरीच जवळ येते.

राहता राहिली मुलगी देण्याची अट. स्त्रियांच्या अंगावर बेतणाऱ्या या कथा प्रतिगामी आहेत, असे कोणी म्हटले तर ते नाकारता येणार नाही. या चित्रपटांचा कॅमेराही काही सोवळा नाही. तरीही ती अट नेवल्याच्या क्रूरपणापेक्षा हवेलीबद्दल जास्त सांगते. ठकुराइन ती कबूल करू शकते, कारण त्या घराला मूल हवे म्हणजे मुलगा हवा, हे सावकाराला आधीच ठाऊक आहे. रामसे बंधूंनी हे समाजभान ठेवून लिहिले असेल असे मुळीच वाटत नाही. प्रेक्षकाला एका ओळीत पटेल अशी अट त्यांना हवी होती आणि ती शोधायला त्यांना लांब जावे लागले नाही. टेरेन्स फिशरच्या १९५८च्या ‘ड्रॅक्युला’त असल्या अटीची गरज पडली नाही. त्या घरांतून मुलगी नेण्यासाठी काउंटला खिडकी पुरली.