कुरर पक्षी आणि माळ्यावरचं घंगाळ



भाद्रपद वद्य अष्टमीला आई तुळजाभवानी मंचकी निद्रेला जाते आणि आपल्याकडं घरोघरी नवरात्राची धुणी निघतात. गोधड्या, वाकळा, पडदे, सगळं पाण्यातून निघतं. जळमटं काढतात, डबे घासतात. घटस्थापनेला घर लख्ख. माझ्या घरी मात्र एक गोष्ट ठरलेली. माळ्यावरचं सामान खाली यायचं, पुसायचं आणि जसंच्या तसं परत वर जायचं. झाडणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं, हे मला साठी उलटल्यावर कळलं, तेही एका पक्ष्यामुळं.

अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ती कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. नाथमहाराजांनी त्यावरची टीका शके १४९५, म्हणजे इ.स. १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तभक्त, म्हणजे हा ग्रंथ आपल्या घरचाच. (हिशोबातल्या एका पैच्या चुकीसाठी नाथ रात्रभर जागले, ही गोष्ट आम्हा बँकेतल्या लोकांना फार आवडते. असो.)

त्या चोवीसांत एक कुरर पक्षी आहे. पोथी सांगणारे कोणी त्याला टिटवी म्हणतात, कोणी घार. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. दुसरे बलवान पक्षी मागे लागले, टोचू लागले. पळून पळून तो दमला आणि शेवटी त्यानं तुकडा टाकून दिला. त्याबरोबर सगळे तुकड्याकडं वळले, ह्याच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. त्यांचं वैर ह्याच्याशी नव्हतंच.

आता कोणी म्हणेल, हे संन्याशाला ठीक आहे. खरं आहे. दत्तप्रभूंचं स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. खांद्याला झोळी तेवढी, माळा कुठंच नाही. आपण गृहस्थ. वर्षाची ज्वारी भरावीच लागते. आणि आपला भाग अवर्षणाचा. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी बघितला, त्यांना सुतळीचा तुकडासुद्धा टाकवत नाही. माझी आई रिकामी पोती घडी घालून ठेवायची. तिला मी कधी हसलो नाही, आताही हसणार नाही. तिचं साठवणं भुकेच्या भीतीचं होतं. माझं कशाचं होतं, हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही.

साठवण चढत जाते ती कळत नाही. आपली जुनी माळवदं आठवा. पाऊस गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकायची. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, जुना थर कोणी उतरवला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं झोपली असताना, ते सगळं ओझं किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात झोपलेल्यांवर आलं. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. मी तेव्हा उमरगा तालुक्यात नोकरीला होतो. पुढं कितीतरी दिवस मी छताकडं बघत झोपायचो. पण माझ्या घरच्या माळ्यावर काय आहे, हे तरीही बघितलं नाही.

वर होतं तांब्याचं घंगाळ. वडिलांच्या माघारी वाटणी झाली, तेव्हा ते माझ्याकडं राहिलं. धाकटा म्हणाला, "आईनं ते मला देते म्हटलं होतं." मी म्हटलं, तसं माझ्या कानावर नाही. तेवढ्यावरून बारा वर्षं एकमेकांच्या घरी दिवाळीला गेलो नाही. आणि त्या घंगाळात आंघोळ कोणी केली? कोणीच नाही. आमच्याकडं गीझर. दर नवरात्रात चिंच लावून मी ते घासायचो. घासताना भावाचं ते बोलणं आठवायचं, म्हणजे घंगाळाबरोबर रागालाही दरवर्षी चकाकी. मग दोन्ही परत माळ्यावर.

यंदा पोथीत कुरर आला आणि मी वाचता वाचता थांबलो. बायकोला म्हटलं, घंगाळ खाली काढू. ती म्हणाली, "घासायला अजून चार दिवस आहेत."

बाकीचं सामान दोन दिवसांत निघालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एवढंच सांगतो, कागद रद्दीत घालण्याआधी जुनी पासबुकं उलटून बघा. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसाला बँकेत अर्ज करून त्या मागता येतात. वडिलांच्या नावचं पासबुक म्हणून नुसतं देव्हाऱ्याखाली ठेवून काय उपयोग?

घंगाळ पोत्यात बांधून एस.टी.नं गेलो. कंडक्टरनं लगेजचं तिकीट घ्यायला लावलं. भावाच्या दारात उभा राहिलो तेव्हा काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, "हे तुझं."

त्यानं पोतं सोडलं. बराच वेळ काठावरून हात फिरवला. मग म्हणाला, "अण्णा, आमच्याकडं तरी आता बंब कुठं पेटतो?"

भावजय आतून म्हणाली, "आधी घरात तर या."

बारा वर्षांनी त्याच्या घरी पिठलं-भाकरी जेवलो. माझ्या चोचीतला तुकडा मी त्याच्या चोचीत दिला की काय, ही शंका तेव्हाही होती, आजही आहे. निघताना तसं त्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "राहू द्या, काय करायचं ते दोघं मिळून बघू." घंगाळ दारातच होतं. चप्पल घालताना मला त्याचीच ठेच लागली.