जोखीम एकाची, जीव दुसऱ्याचा

ऑगस्ट 2025 मध्ये नेवासा फाट्यावर फर्निचरच्या एका दुकानाला रात्री आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेले एकाच कुटुंबातले पाच जण त्यात गेले. त्यांत दोन मुले होती. ज्या घरावर एवढे दुःख कोसळले, त्याच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार कुणालाही नाही आणि मला तसे काही म्हणायचेही नाही. पण संगमनेरपासून जामखेडपर्यंत आपल्या नगर जिल्ह्यातली कोणतीही बाजारपेठ पाहा, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड हीच तिथली रीत आहे. म्हणून त्या रात्रीचा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे. खाली माल भरणारा माणूस वर झोपणाऱ्याचे काय देणे लागतो?

आधी माल कसा वागतो ते पाहू. फर्निचरच्या दुकानात प्लायवूड, फोम, रेक्झिन, थिनर आणि पॉलिशचे डबे एकाच छपराखाली असतात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. डब्याचे झाकण सैल राहिले की ती जमिनीलगत पसरत जाते आणि वायरिंगमधली एक ठिणगी तिला पुरते. फोम जळू लागला की धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू मिसळतात. झोपलेल्या माणसापर्यंत ज्वाळा पोचण्याआधी हा धूर पोचतो. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात तसाच टाकला, तर तो आपोआप तापून पेटूही शकतो. धंद्यातल्या माणसाला यातले बरेचसे ठाऊक असते. वर राहणाऱ्या भाडेकरूला, शेजारच्या शिंप्याला किंवा दुकानातच पथारी पसरणाऱ्या परगावच्या पोराला ते कुणी सांगितलेले नसते.

खरा नैतिक प्रश्न इथे आहे. माल किती भरायचा हे एक जण ठरवतो, नफा त्याला मिळतो आणि जोखमीत वाटेकरी मात्र असे होतात ज्यांना कधी विचारलेच नाही. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानात 12 कामगार गेले. मे 2019 मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानात झोपलेले पाच कामगार गेले. दुकान बाहेरून बंद होते. डिसेंबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाज्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात बळी गेले, त्यांत बहुतेक महिला होत्या. साठा किती करायचा, दार कुठे ठेवायचे, कुलूप कुठून लावायचे, यातले काहीही या माणसांच्या हातात नव्हते.

कायद्याने हेच ओळखले आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमात पहिली जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. अग्निशमन दल त्यानंतर येते. आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. पेट्रोलियम अधिनियम 1934 चा. त्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोलसुद्धा 30 लिटरपेक्षा जास्त ठेवायला परवाना लागतो आणि विकायचे असेल तर ही सवलतही नाही. किराणा दुकानासमोर बाटल्यांत पेट्रोल मांडणाऱ्याने एवढे तरी जाणून घ्यावे. दिवाळीत फटाक्यांच्या दोन तात्पुरत्या स्टॉलमध्ये किमान तीन मीटर अंतर हवे आणि त्यांची तोंडे समोरासमोर नकोत, असे स्फोटके नियम सांगतात. एक स्टॉल पेटला तरी दुसऱ्यातल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळावा, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याला हे शहाणपण नवे नाही. कडब्याची गंज शेतकरी चुलीला खेटून रचत नाही. घरापासून लांब रचतो आणि दोन गंजींमध्ये मोकळी जागा सोडतो. त्यासाठी त्याच्याकडे कधी तपासनीस आला नाही. जे गावाने शतकानुशतके पाळले, ते बाजारपेठेत येऊन विसरावे, हे पटत नाही.

व्यापाऱ्यांची अडचण खोटी नाही. जागा महाग आहे, वेगळ्या गोदामाचे भाडे परवडत नाही. जो नियम पाळतो त्याचा खर्च वाढतो आणि न पाळणारा शेजारी स्वस्तात विकतो. अनेकांना कार्यालयाचे हेलपाटेच नकोसे होतात. मग नुसता दाखला मिळवला जातो आणि आग विझवायचे मुदत संपलेले सिलिंडर भिंतीवर तसेच राहते. पण हा कागद दाखवून आपण अधिकाऱ्याला फसवले असे वाटते, तेव्हा फसलेला असतो तो वर झोपलेला माणूस.

शासनालाही हात झटकता येणार नाहीत. 6 नोव्हेंबर 2021 ला, भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि 11 कोरोना रुग्ण दगावले. ती इमारत सरकारचीच होती. जो आधी स्वतःचे घर सुरक्षित करतो, त्यालाच दुसऱ्याला नोटीस देण्याचे बळ येते. तालुक्यात आग लागली की साखर कारखान्याच्या बंबाची वाट पाहावी लागते, हेही बदलले पाहिजे. लहान व्यापाऱ्यांसाठी गावाबाहेर सामायिक गोदाम उभारणे नगरपालिकेला आणि व्यापारी संघटनेला मिळून जमण्यासारखे आहे. नियम पाळणारा बाजारात एकटा पडू नये, ही जबाबदारी संघटनेने घेतलीच पाहिजे.

तोवर जे आपल्या हातात आहे ते तरी करू. थिनर, पॉलिश, पेट्रोल दिवसाच्या गरजेपुरतेच दुकानात ठेवावे. बाकीचे राहत्या इमारतीबाहेर, झाकणे घट्ट लावून. जिना मालाने अडवू नये. वरच्यांना दुकानातून न जाता बाहेर पडता यावे. गच्चीचे दार आतून सहज उघडावे. रात्री कुणी आत झोपत असेल तर शटरला बाहेरून कुलूप नको. आणि खाली काय साठवले आहे, हे वर राहणाऱ्या प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगावे. हे सांगताना जीभ अडखळत असेल, तर तो माल तिथे ठेवायला नको होता, हे आपले आपल्यालाच कळेल.