पाण्यावरची घरं

आष्ट्यातल्या एका बागायतदाराचा मुलगा नोकरीतल्या पहिल्या बचतीवर मलेशियातल्या पेनांग बेटावर, जॉर्जटाऊनला गेला. पैसे मोजकेच होते. क्वालालंपूरहून रेल्वेनं बटरवर्थ, तिथून फेरीबोटीनं बेट. चुलिया स्ट्रीटजवळ एका मोठ्या खोलीत अनेकांमध्ये एक खाट. फिरायला फुकटची बस आणि स्वतःचे पाय. दुपारी एकदाच नासी कंदार, म्हणजे भात-कालवण, तेही रस्सा जास्त मागून घेतलेलं. रात्री आजीनं बांधून दिलेलं भडंग. एक रिंगिट म्हणजे तेव्हा सुमारे वीस रुपये, हा हिशोब त्याच्या डोक्यातून हलत नव्हता.

पण हलक्या खिशाचा माणूस चालतो, थांबतो, विचारतो, आणि म्हणूनच शहर त्याच्याशी बोलतं. तमिळ मुसलमानांनी १८०१ मध्ये उभारलेली कपितान केलिंग मशीद, चिनी लोकांचं क्वान यिनचं देऊळ, श्री महामारिअम्मनचं मंदिर आणि १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च त्यानं एका सकाळीत पायी पाहिलं. १७८६ मध्ये इंग्रजांनी इथं बंदर वसवलं आणि कुठकुठली माणसं गाठोडी घेऊन उतरली. त्यांचं हे शहर २००८ मध्ये जागतिक वारसा ठरलं.

सगळ्यात जास्त तो रमला किनाऱ्यावरच्या च्यू जेटीवर. चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या एकाच आडनावाच्या लोकांनी समुद्रात लाकडी खांब ठोकून त्यावर घरं बांधली. बंदरातली हमाली आणि होड्या हेच त्यांचं पोट. ऊन फार होतं, बाटली रिकामी झाली होती, आणि दुकानातल्या पाण्याला पैसे पडणार होते. एका दारात म्हातारी बसली होती. त्यानं रिकामी बाटली दाखवली. तिनं ती भरून दिली, त्याला आत बसवलं आणि पुढ्यात चहा ठेवला. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "सासरे जहाजावरची पोती वाहायचे. जमीन आमची नव्हती, म्हणून पाण्यावर राहिलो." त्यानं पैसे पुढं केले, तर तिनं हात मागं सारला.

त्यानं त्या घरांचे पुष्कळ फोटो काढले.

दिवाळीनंतर तो आष्ट्याला आला, तेव्हा गळीत हंगाम सुरू झाला होता. आजीला मोबाइलवर फोटो दाखवताना तो भरभरून बोलत होता: हमालांची वस्ती, परमुलखातून आलेली माणसं, आता जगभरातून लोक बघायला येतात. आजीनं चष्मा नीट केला आणि मोबाइल जवळ धरला.

"ह्या तर कोप्याच की रं. पाण्यावर बांधल्यात, एवढंच."

"कोप्या?"

"आपल्या बांधाला ऊसतोडवाल्यांची टोळी उतरलीय न्हवं? तुला पाणी दिलं म्हणालास त्या बाईनं?"

"दिलं. चहासुद्धा दिला."

"मग आपल्या बांधावरच्या बाया पाणी कुठनं आणत्यात?"

त्याला सांगता येईना. लहानपणापासून दर हंगामात तिथं कोप्या पडत होत्या. बीडकडून उचल घेऊन आलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता. मुकादम, बैलगाडी, उसाच्या पाचटाचं छप्पर, एवढं त्याला ऐकून माहीत होतं. एकाही कोपीत तो कधी वाकून गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो बांधावर गेला. एक बाई ओढ्याकडून डोक्यावर हंडा आणि कडेवर पोर घेऊन येत होती. ओढा लांब होता आणि त्याच्या घरची बोअर कोप्यांपासून हाकेच्या अंतरावर.

वडील म्हणाले, "एकदा दिलं की दर साली द्यावं लागंल. मोटारीचं बिल कोण भरणार?"

"मी भरतो," तो म्हणाला. "दर साली."

वडील काही वेळ उसाकडं बघत राहिले. मग गोठ्यामागं पडलेली जुनी पाइप त्यांनीच ओढून आणली आणि तिची गळती कुठं कुठं आहे ते दाखवलं. दिवस मावळेपर्यंत तोटी कोप्यांपाशी पोचली. बायका भांडी घेऊन जमल्या. हंडेवाली बाई जरा मागंच उभी होती. तिनं विचारलं, "दादा, पाणी कवा सुटंल? आमी पहाटंच फडात जातो. उजाडल्यावर सोडलंत तर आमाला कसं घावंल?"

"किती वाजता निघता?"

"चारला."

त्यानं मोबाइल काढून साडेतीनचा गजर लावला.