निखाऱ्यांवरची भाकर

(योहान 21 : 9 ते 13 हा भाग वाचावा.)



तिबिर्याच्या समुद्रकाठी उजाडले, तेव्हा शिष्य रात्रभर श्रमून थकलेले होते. काठावर पुनरुत्थित प्रभू उभा होता. मरणाला जिंकणाऱ्या त्या राजाने त्यांच्याकरिता काय सिद्ध करून ठेविले होते? निखारे, मासळी व भाकर! ज्या रात्री पेत्राने प्रभूला नाकारिले, त्या रात्रीही तो कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा होता. तथापि प्रभूने त्याला प्रथम खाऊ घातले, प्रश्न मागाहून विचारिला.

आपल्या पिंपळीजवळून निरेचा डावा कालवा वाहतो. 1876 ते 1878 च्या घोर दुष्काळानंतर तो खोदण्यात आला. आपल्या पूर्वजांना त्या पाण्याची एक घागर म्हणजे केवढा आनंद वाटला असेल! आपण मात्र भरल्या पाटाच्या काठी उभे राहून केवळ उसाच्या भावाचीच चिंता वाहतो.

माझाच अपराध सांगतो. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या एका वृद्ध विधवेकडे मी सांत्वनाकरिता गेलो. बोलावयाची वचने मनात जुळवीत होतो. ती म्हणाली, “पाळकसाहेब, आधी हातपाय धुवा अन् गरम भाकर खा.” मी घाईघाईने जेवू लागलो. तेव्हा ती हळूच म्हणाली, “लेक गेल्यापासून दुसऱ्या कुणासाठी भाकर थापलीच नव्हती. आज बरं वाटलं.” मी लज्जित झालो. जे सांत्वन मी शब्दांत शोधीत होतो, ते देवाने तिच्या तव्यावर ठेविले होते.

तिचे दुःख सरले काय? नाही. लहान आनंद दुःखाला पुसून टाकीत नाही. दुःखातही देव जवळ आहे, अशी तो साक्ष देतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर स्वजनांचा वियोग सोसला. तरी फुलामुलांचे कवी म्हणूनच महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

यास्तव, प्रियजनहो, या आठवड्यात भाकर मोडण्यापूर्वी क्षणभर थांबा. तिचा वास घ्या, थापणाऱ्या हातांचे आभार माना, आणि ज्या घरची चूल दुःखाने थंड पडली आहे, तेथे जाऊन बसा. बोलावयास सुचले नाही तरी चालेल. तिने वाढले तर आनंदाने जेवा. काठावर प्रभू आजही निखारे फुलवून आपली वाट पाहत आहे. आमेन.